भयाचा भार कोणी वाहावा?

आमच्या खेड्यांतील घराघरांत एक दुःख मुकाट्याने सोसले जात आहे. उपासनेत, सभेत किंवा पंचांपुढे त्याचा उच्चार क्वचितच होतो. वाटेने जाणाऱ्या स्त्रीस जे भय वाटते त्याचा भार कोणी वाहावा, असा तो प्रश्न आहे. ज्याच्या वर्तनापासून ते भय उत्पन्न होते त्याने, की जिला ते वाटते तिने? असे विचारले म्हणजे उत्तर सोपे दिसते. परंतु आपला नित्याचा व्यवहार त्या उत्तराच्या उलट चालला आहे, आणि तो चालविणारे बहुतेक लोक दुष्ट नसून प्रेमळ आईबाप आहेत. म्हणून ह्याचा विचार सावकाश करणे अवश्य आहे.

निलंगा तालुक्याचेच उदाहरण घेऊ. लहान गावची शाळा संपली म्हणजे पुढे शिकण्यासाठी मुलीस औराद शहाजानी, कासारशिरसी किंवा खुद्द निलंगा येथे जावे लागते. ग्रामीण भागातील मुलींस बारावीपर्यंत शाळेत जाण्यासाठी एस.टी.चा पास विनामूल्य मिळतो. १७ मार्च २०२३ पासून सर्वच स्त्रियांस अर्धे तिकीट लागते. ही मोठी सोय झाली. परंतु गावापासून फाट्यापर्यंतची वाट कोणत्याही पासात येत नाही. त्या वाटेच्या दोन्ही बाजूंस तूर डोक्याएवढी वाढलेली असते. फाट्यावरच्या टपरीपाशी चार तरुण मोटारसायकलींवर बसलेले असतात. एक शीळ घालतो, दुसरा नाव घेऊन हाक मारतो, तिसरा आपली गाडी मुद्दाम अंगाजवळून नेतो. बसमध्ये गर्दीचे निमित्त करून कोणी अंगचटीस येतो. खुरपणीस जाणाऱ्या मजूर बाईला बांधावर कोणी नको ते बोलतो. जिच्या घरी शौचालय नाही ती परसाकडे जाण्यासाठी अंधाराची वाट पाहते, आणि त्याच अंधाराची तिला धास्ती असते.

आता पाहा, ही गोष्ट मुलगी घरी सांगते काय? बहुधा सांगत नाही. का, तर सांगितल्यास काय होईल हे तिला पक्के ठाऊक असते. बाप संतापेल, आई रडेल, आणि रात्री निकाल लागेल की उद्यापासून शाळा बंद. कदाचित महिन्याभरात स्थळ पाहण्यास आरंभ होईल. अपराध फाट्यावरच्या पोराचा आणि शिक्षा दप्तर घेऊन जाणारीस! जेथे सांगणाऱ्यालाच शिक्षा होते तेथे कोणी सांगत नाही, हा मनुष्यस्वभाव आहे. त्यामुळे बापाला काही कळत नाही, पंचांना कळत नाही, पाळकसाहेबांना कळत नाही, आणि सर्व जण समाधानाने म्हणतात की आमच्या गावात असले काही नाही. ज्या उपायाने मुलीचे रक्षण करावयाचे तोच उपाय तिचे तोंड बंद करतो, आणि त्या मौनाच्या आश्रयाने छळणारा धीट होत जातो.

तथापि बापाची बाजू न्यायाने ऐकली पाहिजे. तो म्हणतो, पोलिस ठाणे दूर आहे, कज्जे वर्षानुवर्षे चालतात, आणि गावात एकदा तोंडातोंडी झाली म्हणजे मुलीचे लग्न जमत नाही. पोरांचे आईबाप बडे असले तर उद्या माझ्या शेताची वाट अडवतील. मी हातावर पोट असलेला मनुष्य. जगाला सुधारीत बसू, की माझे लेकरू घरात सुखरूप ठेवू? हे बोलणे पोकळ नाही. त्याच्या भयाची कारणे खरी आहेत. परंतु ह्या मार्गाचा शेवट कोठे होतो तेही पाहावे. २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे दिसले की, महाराष्ट्रात २० ते २४ वर्षे वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे २२ जणींची लग्ने अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच झाली होती. ह्याला दारिद्र्य, हुंडा, ऊसतोडीस जाताना मुलगी कोणाच्या हवाली करावी ही चिंता, अशी अनेक कारणे आहेत. परंतु वाटेवरचे भय हेही त्यांतील एक आहे, हे कोणत्याही खेड्यातील आई सांगेल. बाप म्हणतो की मी तिला संकटातून वाचविले. आणि ती सोळाव्या वर्षी बाळंतपणाच्या संकटात पडते.

पवित्र शास्त्र ह्या विषयी मुके नाही. निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायात मिद्यानी याजकाच्या सात मुली कळप घेऊन विहिरीवर येतात, पाणी काढून डोण्या भरतात, आणि मेंढपाळ येऊन त्यांना हाकून लावतात. मोशे त्या वेळी परदेशी, पळून आलेला, एकटा होता. तरी तो उठला, त्याने त्यांचा कैवार घेतला व त्यांच्या कळपाला पाणी पाजले. ही गोष्ट आपण पुष्कळदा वाचतो, परंतु पुढचा भाग डोळ्यांआड होतो. मुली घरी आल्यावर बाप आश्चर्याने विचारतो की आज इतक्या लवकर कशा आलात. ह्याचा अर्थ उघड आहे. रोज उशीर होत असे. मेंढपाळांचा हा उपद्रव नित्याचा असावा, आणि तो उशीर घरादाराच्या अंगवळणी पडला होता. बापाने मोशेला जेवावयास बोलाविले हे चांगलेच केले. पण त्या मेंढपाळांविषयी त्याने अवाक्षरही काढल्याचे लिहिलेले नाही. अन्याय रोजचा झाला म्हणजे तो अन्याय वाटत नाही, हवामानासारखा वाटतो. आमच्या फाट्यांवर नेमके हेच झाले आहे.

ह्याच्या उलट रूथच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय पाहा. रूथ विधवा, मवाबी, परक्या गावची, दरिद्री. कापणी करणाऱ्यांच्या मागे कणसे वेचून सासूचे व आपले पोट भरणारी. आमच्याकडे सोयाबीनच्या किंवा हरभऱ्याच्या काढणीनंतर रानात सरवा वेचणाऱ्या बायांसारखीच तिची स्थिती. अशा बाईस शेतात कोणते भय असते हे बवाज जाणत होता. त्याने काय केले? बाई, तुझे हे फिरणे बरे नव्हे, घरी जा, असे तो म्हणाला नाही. त्याने आपल्या गड्यांना बजावले की कोणी हिच्या अंगास हात लावू नये. आणि पुढे असेही सांगितले की कोणी हिला टाकून बोलू नये, हिचा अपमान करू नये. तहान लागेल तेव्हा गड्यांनी भरलेल्या भांड्यांतले पाणी पिण्याची तिला मोकळीक दिली. अर्थात् हुकूम सुटला तो तरुण पुरुषांस, आणि मोकळीक मिळाली ती स्त्रीस. शेताच्या धन्याने आपल्या अधिकाराचा उपयोग आपल्याच माणसांवर केला. भयाचा भार कोणी वाहावा, ह्या प्रश्नाचे उत्तर ह्यापेक्षा स्पष्ट कोठे मिळेल?

येथे कोणी म्हणेल की नामीनेही सुनेला सावधगिरी शिकविलीच ना? होय, शिकविली. ह्याच शेतात बवाजाच्या मुलींबरोबर राहा, दुसऱ्या शेतात गेलीस तर तुला कोणी त्रास देईल, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे. म्हणून सावधगिरीस मी दोष देत नाही. मुलींनी मिळून जावे, सोबत असावी, अंधार पडण्यापूर्वी परतावे, हे शहाणपण आहे. परंतु सावधगिरी दोन प्रकारची असते. एक वाटेवर सोबत करते, दुसरी वाटच बंद करते. नामीच्या सावधगिरीने रूथ जवाची व गव्हाची कापणी संपेपर्यंत रोज शेतात जात राहिली. तिचे काम चालले, अन्न घरी आले. ज्या सावधगिरीने निरपराधाचे काम, शिक्षण व अन्न तुटते तिला रक्षण म्हणू नये. ती शिक्षाच होय, मग ती कितीही मायेने दिलेली असो. आणि पहिल्या प्रकारची सावधगिरीसुद्धा निर्दोष मुलीने आपल्या पदरचा वेळ व मोकळेपणा देऊन पाळलेली असते. ते गावावरचे ऋण आहे. गावाने ते फेडावयास हवे.

दुसरी एक चूक ह्याच्या अगदी विरुद्ध दिशेने होते. मुलीची छेड निघाली की काही घरांतील पुरुष अब्रूचा प्रश्न करून काठ्या घेऊन निघतात. उत्पत्तीच्या चौतिसाव्या अध्यायात दीनेवर बळजबरी झाली तेव्हा तिच्या भावांनी असेच केले. त्यांनी कपटाने सगळे नगर कापून काढले, आणि त्या नगरातील मुलेबाळे व स्त्रिया धरून नेल्या. बहिणीच्या अब्रूसाठी निघालेल्यांनी इतरांच्या बहिणींची तीच दशा केली. आणि त्या सर्व कथेत दीनेचा स्वतःचा एकही शब्द आपल्याला ऐकू येत नाही. हे फार दूरचे वाटू नये. १९४७-४८ साली निजामाच्या राज्यात, ज्यातील बिदर जिल्ह्यात त्या वेळी निलंगा मोडत असे, रझाकारांच्या भयाने कितीक कुटुंबांनी बायकामुलांस सरहद्दीपलीकडे पोहोचविले. सप्टेंबर १९४८ च्या पोलिस कारवाईनंतर सूड उगविताना मुसलमान स्त्रियांवरही भयंकर अत्याचार झाले, हे पंडित सुंदरलाल ह्यांच्या समितीने आपल्या अहवालात नमूद केले. ज्या जिल्ह्यांत अनर्थ सर्वांत अधिक झाला त्यांत उस्मानाबाद, बिदर व नांदेड ही नावे आहेत. स्त्री ही पुरुषांच्या अब्रूची जागा मानली की वैरी तिच्यावरच घाव घालतो. ती देवाच्या प्रतिरूपाची मनुष्य आहे असे मानले, तर ती कोणत्या घरची, कोणत्या जातीची वा धर्माची हे न पाहता तिच्या वाटेची काळजी घ्यावी लागते.

आणखी एक प्रश्न वारंवार विचारला जातो: ती ओरडली का नाही? २५ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे पुण्याच्या स्वारगेट बसस्थानकावर गावी जाण्यासाठी थांबलेल्या एका तरुणीस एका मनुष्याने ताई म्हणून संबोधिले, तुमची बस दुसरीकडे लागली आहे असे सांगून उभ्या असलेल्या रिकाम्या बसकडे नेले, आणि तेथे बलात्कार केला, अशी तक्रार झाली. आरोपीचा न्याय न्यायालय करील. परंतु त्यानंतर पुष्कळांनी हाच प्रश्न केला की तिने आरडाओरड का केली नाही. काही वाचक अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायाचा हवाला देतील, कारण नगरात असून न ओरडलेल्या कन्येचा तेथे उल्लेख आहे. तो अध्याय पुढेही वाचावा. रानात जिच्यावर बळजबरी झाली तिच्याविषयी शास्त्र म्हणते की तिला काही करू नये, तिच्याकडे पाप नाही. एकाने दुसऱ्यावर उठून त्याचा जीव घ्यावा तशीच ही गोष्ट आहे. ती ओरडली असेल, पण सोडविणारा कोणी नव्हता. मोशेच्या नियमशास्त्राने ह्या अपराधाची तुलना मनुष्यवधाशी केली, आणि साक्षीदार नसताही स्त्रीच्या बाजूने अनुमान केले. नगराविषयीच्या वचनातही हे गृहीत आहे की नगरात हाक मारली म्हणजे शेजारी धावून येतात. ज्या गावात, ज्या बसमध्ये हाकेला कोणी मान वर करीत नाही, तेथील लोकांनी हा प्रश्न दुसऱ्यास कोणत्या तोंडाने विचारावा? भयाने वाचा बसते, हात गळतात, हे ज्याने साप पाहिला आहे त्याला सांगावयास नको.

आमच्या मराठी मंडळ्यांवर ह्या बाबतीत विशेष जबाबदारी आहे, कारण आमच्या घरांत अक्षर आले ते अशा स्त्रियांच्या पायवाटेने. सिंथिया फरार ही अविवाहित अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईस आली आणि पुढे अहमदनगरात तिने मुलींच्या शिक्षणात आयुष्य वेचले. सावित्रीबाई फुले ह्यांनी शिक्षिकेचे शिक्षण घेतले ते तिच्यापाशी. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली तेव्हा सावित्रीबाईंवर रस्त्यात शेण, चिखल व दगड फेकीत. त्या शाळेत बदलण्यासाठी दुसरे लुगडे बरोबर नेत, असे सांगतात. त्या भयास वश होऊन घरी बसल्या असत्या तर त्यांस कोणी दोष दिला नसता. परंतु १८५२ पर्यंत पुण्यात मुलींच्या तीन शाळा झाल्या, आणि १८५५ साली त्यांच्या शाळेतील मुक्ता नावाच्या मांग जातीच्या मुलीने महारमांगांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ज्ञानोदयाने छापला. आनंदीबाई जोशी ह्यांनीही १८८३ साली बंगालातील सेरामपूर येथे केलेल्या भाषणात, शिकावयास जाताना रस्त्यातील लोकांनी केलेली कुचेष्टा उघडपणे सांगितली. ह्या स्त्रियांचे धैर्य आम्ही गातो ते योग्यच आहे. पण विचार करा: विद्या मिळविण्यासाठी मुलीस शूर व्हावे लागणे ही कोणत्या गावाची शोभा? तिच्या भावास त्याच वाटेने जाण्यास शौर्य लागत नाही. सामान्य, भित्र्या मुलीसही जेथे निर्धास्त चालता येते तीच खरी नीतिमान वसाहत.

आता मुलग्यांच्या आईबापांकडे वळू, कारण बवाजाचा हुकूम त्यांच्या घरी सुटावयाचा आहे. प्रभु येशूने मत्तयाच्या पाचव्या अध्यायात कामुक दृष्टीविषयी जे सांगितले त्यात सारा दोष पाहणाऱ्याच्या डोळ्यावर ठेविला. स्त्रीने कसे नेसावे, कोठे जावे, ह्याचा तेथे एक शब्दही नाही. उपटावयाचा तो पाहणाऱ्याचा डोळा. जो बाप मुलीस म्हणतो की मान खाली घालून जा, त्याने मुलास कधी विचारले आहे काय की तू फाट्यावर कोणाबरोबर बसतोस, आणि तुझ्या मोबाईलवर काय पाहतोस? पोरे अशीच असतात असे हसून म्हणणाऱ्यांनी एली याजकाची आठवण ठेवावी. त्याचे पुत्र दर्शनमंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांशी कुकर्म करीत. एलीने त्यांस शब्दाने बोलून पाहिले, परंतु आवरले नाही. आणि देवाने त्याला दोष दिला तो ह्याच कारणासाठी. हे कुकर्म देवाच्या घराच्या दारात घडले होते, हेही विसरू नये. मंडळीचे आवार, मेळावे, गायनाच्या तालमी येथेही मुलींस निर्धास्त वाटते काय, हे मुलींनाच विचारावे. आणि कोणी उपदेशक किंवा वडील दोषी असेल तर त्याच्या पदाकडे पाहून झाकू नये.

व्यवहारात काय करावे तेही थोडक्यात सांगतो. मुलीचा पाठलाग करणे, तिने नको म्हटले असता पुनःपुन्हा ओळख लादणे, तिला पाहून घाणेरडे बोलणे वा हावभाव करणे हे गुन्हे आहेत. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ७४ ते ७९ ही ह्यासाठीच आहेत. पाठलागास पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार कोणत्याही ठाण्यात नोंदविता येते. आमच्या हद्दीत नाही म्हणून ती नाकारता येत नाही. तातडीची मदत ११२ ह्या क्रमांकावर, स्त्रियांसाठी १८१ व बालकांसाठी १०९८ ह्यांवर मिळते. मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर तिच्यावरील लैंगिक अत्याचाराची खबर पोलिसांस देणे २०१२ च्या कायद्याने ज्याला कळले त्या प्रत्येकास बंधनकारक आहे. पंचांत बसून पैसे घेऊन मिटविण्याचा अधिकार कोणासही नाही. आणि अठरा वर्षांखालील मुलीचे लग्न जो लावील तो स्वतःच २००६ च्या कायद्याने दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरीस पात्र होतो, हे पाळक व उपदेशक ह्यांनी लक्षात ठेवावे.

परंतु कायद्याच्या आधी घर आहे. ज्यांच्या घरी शाळेत जाणारी मुलगी आहे त्या आईबापांनी ह्याच आठवड्यात तिला जवळ बसवून एवढे वचन द्यावे: वाटेत काहीही घडले तर आम्हांस सांग, सांगितल्यामुळे तुझी शाळा सुटणार नाही, आणि तुला बोल लागणार नाही. मग ते वचन मोडू नये. ती सांगेल तेव्हा बापाने एकट्याने तोंड न देता मंडळीतील दोन वडील व पोलिस पाटील ह्यांस बरोबर घेऊन त्या मुलाच्या घरी जावे, आणि त्याच्या आईबापांस शांतपणे पण उघड सांगावे. पाठलाग किंवा अंगास हात लावणे असा प्रकार असेल तर थेट ठाणे गाठावे. मंडळीतील पुरुषांनी पाळीपाळीने सकाळी व सायंकाळी बसच्या वेळी फाट्यावर उभे राहावे. गावातील सर्व मुलींसाठी उभे राहावे, केवळ ख्रिस्ती मुलींसाठी नव्हे. ह्याला खर्च नाही. फक्त अर्धा तास लागतो, आणि थोडी लाज सोडावी लागते. त्या वाटेवर दिवा नसल्यास ग्रामसभेत मागावा. एकमेकांची ओझी वाहण्याविषयी पौलाने गलतीकरांस जे लिहिले ते ह्या ओझ्यासही लागू आहे.

आपल्या गावच्या लेकी पुस्तके घेऊन जातात आणि संध्याकाळी हसत परत येतात, असे दिवस देव प्रत्येक मंडळीस दाखवो. आणि ते दिवस आणण्याच्या कामी आपले मुलगे, भाऊ व बाप ह्यांस सामर्थ्य देवो.